गोषवारा कुणाच्या कानी?

'गोषवारा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि कुलकर्ण्यांच्या दफ्तरात इतका रुळला, की त्याच्या मुळाशी कान आहे ही गोष्ट आता फारशी कुणाच्या स्मरणात नाही. फारसीत 'गोश' म्हणजे कान, आणि 'गोशवारा' म्हणजे कानातले भूषण; पुढे जमाखर्चाच्या विस्तृत तपशिलातून काढलेल्या संक्षिप्त बेरजेलाही तेच नाव पडले. गावचा वसूल किती, बाकी किती, पडीत जमीन किती, सूट किती, एवढे चार आकडे वरिष्ठांच्या कानी घालावयाचे, हे त्या गोषवाऱ्याचे काम. मात्र त्याच्या मागे वही असे. बेरजेविषयी शंका उपस्थित झाली की दफ्तराचा रुमाल सोडून, पान उघडून, अमक्या शेताची अमकी बाब अशी बोट ठेवून दाखवावी लागे. रुमालात तपशील बांधलेला आहे, या भरवशावरच गोषवारा विश्वसनीय ठरत असे.

या शब्दाचा असा विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर माझ्या भाचीमुळे आला. ती सामुदायिक आरोग्याची डॉक्टर असून विदर्भातील एका डोंगराळ तालुक्यात नवजात अर्भकांच्या मृत्यूंची नोंद कशी होते, अथवा कशी होत नाही, याचा तिने दोन वर्षे अभ्यास केला होता. परदेशात भरणाऱ्या एका जागतिक आरोग्य परिषदेकडे त्या अभ्यासाचा गोषवारा इंग्रजीत धाडावयाचा होता. मर्यादा तीनशे शब्दांची. ती ओलांडली तर अर्ज दाखलच होत नाही. मुदत मध्यरात्रीची, पण ती मध्यरात्र दूरच्या कुठल्यातरी घड्याळातली. कोणी लिहिले हे परीक्षकांना कळू नये म्हणून मजकुरात स्वतःचे किंवा संस्थेचे नाव येऊ द्यावयाचे नाही. पार्श्वभूमी, उद्दिष्ट, पद्धती, निष्पत्ती आणि अनुमान असे कप्पे अगोदरच आखून दिलेले. मसुदा तीनशे एकतीस शब्दांचा झाला होता. ती म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मभर सूत्रे शिकवलीत. यातले एकतीस शब्द तेवढे काढून द्या."

मी कागद घेतला आणि जे वाक्य सर्वांत आधी खोडले ते एका स्त्रीविषयीचे होते. तुला मुले किती, असे विचारता तिने चार सांगितली. नोंद झाली, वही मिटली; परंतु गावची आशा स्वयंसेविका तिच्याजवळ दिवेलागणीपर्यंत तांदूळ निवडीत बसून राहिली, तेव्हा ती म्हणाली की आणखी एक होते, पण पाचवी पुजण्याच्या आत गेले, म्हणून मोजले नाही. पाचवीच्या रात्री आपल्याकडे पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाचे प्राक्तन लिहिते अशी श्रद्धा आहे. ज्याच्यासाठी तो कागद मांडलाच गेला नाही, त्याचे नाव सरकारच्या कागदावर तरी कोठून येणार? भाचीच्या संपूर्ण अभ्यासाचा गाभा त्या एका वाक्यात होता, आणि 'मृत्यूंची अल्पनोंद' या दोन शब्दांत तो आलाच आहे असे समजून ते वाक्य मी काढून टाकले. गोषवारा मर्यादेत बसला आणि वेळेवर दाखल झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला छळणारा प्रश्न भाषेचा नव्हता, धर्माचा होता, म्हणून तो सावकाश मांडतो. एखाद्याच्या दुःखातून जे ज्ञान निष्पन्न होते, त्या ज्ञानात त्या दुःखिताचे स्थान कोणते? सोने हाती आल्यावर ज्या मातीतून ते काढले ती माती टाकून द्यावी, तसा तो मनुष्य टाकून देण्याजोगा आहे काय? की त्याच्या अभावी ते ज्ञान प्रमाणाच्या दृष्टीनेच अपुरे राहते? पहिला पक्ष खरा असेल तर माझी अस्वस्थता केवळ भावनेची ठरेल. दुसरा खरा असेल तर तर्कशास्त्राची काही आज्ञा माझ्या हातून मोडली गेली, असे मानावे लागेल.

वैद्यकीय नियतकालिकांत गोषवाऱ्याचे असे कप्पे पाडण्याची सूचना १९८७ साली पुढे आली आणि पाहता पाहता सर्वत्र रूढ झाली. तिच्यामागचा हेतू उत्तम होता. वाचकाने विधान डोळे झाकून स्वीकारू नये, ते कशावरून केले हे त्याला एका दृष्टिक्षेपात तपासता यावे. दुसऱ्याला पटवून द्यावयाच्या अनुमानाचे असेच पाच अवयव गौतमाच्या न्यायसूत्रांनी सांगितले आहेत, हे पाहून संस्कृतच्या कोणत्याही अभ्यासकाला आनंद होईल. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच. म्हणून तेथे अग्नी आहे. दोन्ही पंचके शेजारी मांडून पाहिली, तेव्हा मला दिसले की उद्दिष्टाला प्रतिज्ञेचे, पद्धती व निष्पत्तीला हेतूचे आणि अनुमानाला निगमनाचे स्थान देता येते. परंतु उदाहरणासाठी, त्या धुराने कोंदलेल्या घरगुती स्वयंपाकघरासाठी, आधुनिक गोषवाऱ्यात कप्पाच नाही.

उदाहरण म्हणजे शोभेचा दाखला, अशी आपली आजची समजूत आहे. नैयायिकांची तशी नव्हती. वात्स्यायनाने न्यायभाष्यात म्हटले आहे की पाच अवयवांत चारही प्रमाणे एकत्र येतात. प्रतिज्ञेत शब्द, हेतूत अनुमान, उपनयात उपमान, आणि उदाहरणात प्रत्यक्ष. म्हणजे उदाहरण गळाले तर वाक्याची लांबी कमी होतेच, शिवाय चार प्रमाणांपैकी प्रत्यक्ष हे प्रमाणच गळून पडते. त्याहूनही मार्मिक आहे ती न्यायसूत्रांनी केलेली दृष्टान्ताची व्याख्या. ज्या गोष्टीविषयी लौकिकाची आणि परीक्षकाची बुद्धी सारखी असते, ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त. लौकिक म्हणजे शास्त्र न शिकलेला सामान्य माणूस, आणि परीक्षक म्हणजे तर्काने व प्रमाणांनी वस्तू तपासणारा. स्वयंपाकघरातला धूर आणि चुलीतला विस्तव स्वयंपाकिणीला जितका ठाऊक आहे तितकाच पंडिताला. तेथे त्याच्या पांडित्याचा तिच्यावर काडीचाही वरचष्मा नाही. पर्वताच्या बाबतीत पंडिताने तिला काही सांगावे हे योग्यच, पण त्यासाठी त्याला प्रथम तिच्या चुलीपाशी येऊन उभे राहावे लागते. न्यायशास्त्राच्या त्या कोरड्या वाटणाऱ्या सूत्रात मला ज्ञानाच्या नीतीचा एक मोठा सिद्धान्त दिसतो.

याला पूर्वपक्ष आहे, आणि तो दुबळा नाही. बौद्ध तार्किकांनी या पंचावयवी वाक्यावर पाल्हाळाचा आरोप ठेवला. दिङ्नागाने अवयव कमी केले, आणि धर्मकीर्तीने तर असा अभिप्राय दिला की जाणत्यासाठी हेतू तेवढा सांगितला म्हणजे पुरे. परिषदेचा परीक्षक हा जाणताच असतो. शेकडो गोषवारे त्याच्यापुढे पडलेले असतात. 'अल्पनोंद' हा शब्द वाचताच त्याच्यामागची सारी मानवी कहाणी त्याच्या अनुभवाने भरून निघेल, मग ती सांगण्यात शब्द का दवडावेत? शिवाय एका घरातले दुःख हृदय हेलावते आणि बुद्धीला फसवते, हेही खरे आहे. एका रुग्णाच्या हृदयद्रावक कथेवरून उपचार ठरवण्याच्या मोहामुळे वैद्यकाने कितीतरी निरुपयोगी आणि घातक उपाय शतकानुशतके जतन केले. 'जेथे धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती हाती नसेल तर स्वयंपाकघर हे केवळ स्वयंपाकघरच राहते; त्यावरून डोंगराविषयी काहीही सांगता येत नाही.

या पूर्वपक्षाचे बळ मी गडचिरोलीच्या उदाहरणाने मोजतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली त्या जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभारून काम आरंभले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे तीत किती स्त्रियांचे किती वर्षांचे मौन साठलेले असेल! पण ते मौन एकेकीचे होते तोवर ते तिचे नशीब होते. त्याची बेरीज झाली तेव्हा तो समाजाचा अपराध ठरला आणि स्त्रियांचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण, या जगभरच्या समजुतीला धक्का बसला. पुढे १९९९ साली त्याच नियतकालिकात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३९ गावांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायका 'आरोग्यदूत' झाल्या. त्या बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, ताप पाहत, आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले, आणि २०११ पासून भारत सरकारने आशांच्या हस्ते ही पद्धत देशभर नेली. ही गणना झाली नसती आणि ती थोडक्या शब्दांत जगाच्या कानी पडली नसती, तर हे घडले नसते. म्हणून संक्षेपाला मी पाप म्हणणार नाही. मोजणे हीदेखील करुणेची एक रीत आहे.

श्रावस्तीच्या किसा गौतमीची कथा सर्वांस परिचित आहे. पण तिने घरोघर फिरून जे केले ती एक खानेसुमारी होती, इकडे क्वचितच लक्ष जाते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरची मोहरी आण, असे बुद्धाने तिला सांगितले. 'सर्व अनित्य आहे' हे व्याप्तिवाक्य तो तिला तिथल्या तिथे ऐकवू शकला असता, आणि ते खोटे ठरले नसते. त्याने तिला दारोदार पाठवले. प्रत्येक उंबऱ्यावर तिला एक उत्तर मिळाले आणि त्या उत्तराबरोबर एक माणूसही भेटला, ज्याचा बाप, ज्याची लेक, ज्याचा धनी गेला होता. संध्याकाळी तिच्याजवळ जो निष्कर्ष होता तो तिने एकेका दृष्टान्तातून चालत जाऊन मिळवलेला होता, म्हणूनच तो तिला सोसवला. हेतू तेवढा पुरे म्हणणाऱ्या बौद्धांच्याच परंपरेत ही कथा सांभाळली गेली, याचे मला फार मोल वाटते.

पण गडचिरोलीच्या प्रयोगातील त्या ४७ गावांपाशी माझे मन पुनःपुन्हा थबकते. तेथे सरकारी सेवा पूर्ववत चालू होत्या. नवा उपाय नव्हता, कारण तो उपयुक्त आहे की नाही हेच अजून ठरावयाचे होते. तुलनेवाचून ते ठरतही नाही, हे मी मान्य करतो. तरीसुद्धा त्या गावांतून जी बाळे गेली आणि गणनेत आली, त्यांच्यामुळेच त्या ६२ या आकड्याला अर्थ प्राप्त झाला. आज देशात कोठेही एखादी आशा बाळाचा श्वास मोजते तेव्हा तिच्या विद्येत त्यांचाही अंश असतो. शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांच्याबरोबर मनुष्यांचाही ऋणी असतो असे सांगितले आहे. पहिल्या तीन ऋणांची चर्चा आपल्याकडे विपुल झाली, चौथे मात्र मागे पडले. संशोधन करणाऱ्याच्या डोक्यावर जर कोणते ऋण असेल तर ते हे चौथे होय, आणि त्याचा धनको बहुधा निरक्षर व दूर राहणारा असल्यामुळे तो कधी तगादा लावीत नाही.

परिषदेच्या मंडपात दृष्टान्ताला स्वतःच्या पायांनी चालत यावे लागले, असा एक प्रसंग विसाव्या शतकाच्या अखेरीस घडला. एड्सविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदा १९८५ पासून भरत होत्या, पण विकसनशील देशात त्यांचा पहिला मुक्काम पडला तो २००० सालच्या जुलैत, दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे. एड्सचे कारण तो विषाणूच काय, याविषयी त्या देशाचे अध्यक्षच शंका घेत होते. म्हणून पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी व वैद्यांनी सह्या करून कारण निर्विवाद असल्याची घोषणा प्रसिद्ध केली. हा झाला हेतू, आणि तो जितका भक्कम मांडता येईल तितका मांडला गेला. त्याच परिषदेच्या उद्घाटनाला एन्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा उभा राहिला. जन्मतःच त्याच्या रक्तात तो विषाणू होता. रोगी मातांना औषध मिळावे म्हणजे तो त्यांच्या बाळांकडे जाणार नाही, एवढेच त्याचे मागणे होते. पुढच्या वर्षी १ जून रोजी तो वारला. पाच हजार सह्यांचे जे म्हणणे होते आणि त्या मुलाचे जे म्हणणे होते, त्यांत तसूभरही अंतर नव्हते. लौकिकाची आणि परीक्षकाची बुद्धी एका ठिकाणी येते ती कशी, हे त्या सभागृहाने पाहिले. कोणत्याही गोषवाऱ्यात ते बसले नसते.

आता गोषवारा मंजूर झाल्यानंतरचे सांगतो, कारण दोष केवळ संक्षेपात नाही. वैद्यकीय परिषदांतून सादर झालेल्या गोषवाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी पुढे संपूर्ण निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध होतात, असे या विषयाच्या साक्षेपी पाहणीतून दिसून आले आहे. ज्यांचे निष्कर्ष अनुकूल असतात ते त्यातल्या त्यात अधिक. म्हणजे उरलेल्यांच्या बाबतीत सूत्र आले आणि भाष्य आलेच नाही. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे आपल्याला निभावली याचे कारण कात्यायनाने त्यांवर वार्त्तिके लिहिली आणि पतंजलीने महाभाष्य रचले; सूत्रकाराला शब्द वाचवण्याचा अधिकार मिळतो तो पुढे कुणी तरी ते मोकळेपणाने उलगडून सांगेल या करारावर. ज्याने साठ घरी जाऊन साठ कैफियती ऐकल्या आणि त्यांतून तीनशे शब्द परदेशी धाडून उरलेला तपशील रुमालात बांधून ठेवला, त्याने तो करार मोडला असे मी म्हणेन, मग त्याच्या पद्धतीत एकही चूक नसो. लेखक म्हणून नाव कुणाचे लागते, हाही त्यातलाच भाग. दिवेलागणीपर्यंत तांदूळ निवडीत बसण्याची बुद्धी ज्या आशेला झाली, तिच्यामुळे पाचवे मूल नोंदीत आले. परंतु रूढ नियमांप्रमाणे केवळ माहिती गोळा करणारा लेखक ठरत नाही, त्याचे आभार मानावयाचे असतात, आणि गोषवाऱ्यात आभारांना जागा नसते.

हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने, १९६४ साली स्वीकारल्यानंतर ज्याला वेळोवेळी नवे रूप देण्यात आले, अलीकडच्या आवृत्त्यांत असे सांगितले आहे की ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांना त्याचे फलित जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. आणि २०२४ च्या सुधारणेत त्यांना संशोधनाचे 'विषय' न म्हणता 'सहभागी' म्हटले आहे. हा शब्द सार्थ व्हावयाचा तर गोषवारा दोनदा सांगावा लागेल, एकदा परिषदेच्या कानी आणि एकदा त्यांच्या ओसरीवर, आणि ओसरीवरचे सांगणे अधिक कठीण आहे, कारण तेथे ऐकणाऱ्याला सत्य आधीच ठाऊक असते.

भाचीचा गोषवारा मंजूर झाला; व्याख्यान नव्हे, भिंतीवर लावावयाचे भित्तिपत्रक. ते कळवायला ती आली तेव्हा मी तिला माझे खोडलेले वाक्य दाखवले आणि रात्रभर जे मनात घोळले होते ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, परिषदेला जाण्याअगोदर गावात जाऊन यायला हवं. तुम्ही येता?"

आम्ही श्रावणातल्या एका दुपारी गेलो. आशेने सात-आठ बायका जमवल्या होत्या. भाचीने कागद न पाहता, साध्या भाषेत, किती घरांत विचारले, किती बाळे नोंदीत नव्हती, ती का राहिली आणि त्यामुळे सरकारला कोणती गोष्ट कळत नाही, ते सर्व सांगितले. प्रश्न विचारले गेले. दोघींनी तिची एक समजूत दुरुस्तही केली, की पाचवीच्या आत गेलेल्याचे नाव न काढणे हे विसरणे नव्हे, त्याला मागे न ओढण्यासाठी तसे करतात, आणि भाचीने ते तिथेच टिपून घेतले. ती बाई भिंतीला टेकून बसली होती. सर्वांचे बोलणे संपल्यावर तिने विचारले, "माह्यं लेकरू कितवं हाय त्यात?"

भाचीने पिशवीतून वही काढली. त्यात नावे नव्हती, क्रमांक होते. पाने उलटून तिने एका ओळीवर बोट ठेवले आणि आकडा वाचून दाखवला. बाईने पदराला हात पुसले, पुढे सरकली, आणि भाचीचे बोट बाजूला झाल्यावर त्या जागी आपले बोट ठेवून पुष्कळ वेळ तशीच बसून राहिली.